झुरळ कोणतं आहे, ते आधी बघा

स्वयंपाकघरात झुरळं दिसायला लागली की पहिली खरेदी होते ती फवाऱ्याच्या डब्याची. ठाण्यात भाड्याच्या घरात राहायला आलो तेव्हा आम्हीही तेच केलं. रात्री झोपायच्या आधी ओट्याखाली फवारायचं, सकाळी पाच-दहा मेलेली झुरळं केरात काढायची, आणि आठवडाभरात येरे माझ्या मागल्या. असे सात-आठ महिने गेले. त्याच काळात मुलीचा रात्रीचा खोकला वाढला. तिला दमा आहे. डॉक्टरांनी चालू औषधं बघितली, उशीचे अभ्रे किती दिवसांनी धुता ते विचारलं आणि मग म्हणाले, "घरात झुरळं आहेत का?" झुरळांची विष्ठा आणि त्यांनी टाकलेली कात वाळून तिची बारीक धूळ होते, ती श्वासातून आत जाते आणि दम्याच्या मुलांचा त्रास वाढवते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वर आमचा रोजचा फवारा होताच. त्या वासानेही तिची छाती भरून येत होती.

शेवटी एका अनुभवी पेस्ट कंट्रोलवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी औषधाची पेटी दारातच ठेवली आणि नुसता टॉर्च घेऊन ओट्यापाशी उकिडवे बसले. "ताई, तुमच्याकडचं झुरळ कुठलं आहे, बघितलंय का कधी?" मला सगळी झुरळं सारखीच वाटायची. पुढे लिहिलंय ते त्या दुपारपासून शिकत गेलेलं आहे. पहिल्यांदाच घर मांडणाऱ्यांनी ते ह्याच क्रमाने करावं. क्रम चुकला की औषधाचे पैसे वाया जातात, हे मी सात-आठ महिने बघितलंय.

पहिलं काम: ओळख

आपल्याकडच्या घरांत मुख्यतः तीन झुरळं भेटतात.

सगळ्यात त्रासदायक ते लहान, गव्हाळ रंगाचं. लांबी साधारण 12 ते 15 मिलिमीटर. डोक्यामागे जी ढालीसारखी जागा असते तिच्यावर दोन काळ्या उभ्या रेघा दिसल्या की समजा, हे जर्मन झुरळ. पिल्लं काळपट असतात आणि त्यांना पंख नसतात, म्हणून बरेच जण त्यांना दुसराच काहीतरी किडा समजतात. मोठ्यांना पंख असतात, पण हे झुरळ उडत नाही. नावात जर्मनी आहे खरी, कारण स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1767 साली त्याचं तसं नामकरण केलं. पण 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ह्याची जात साधारण 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, माणसाच्या वस्तीजवळ राहणाऱ्या आशियाई झुरळापासून तयार झाली. माणसाचं घर हेच त्याचं घर. रानात ते सापडतच नाही. म्हणून ते माणसाची घरं सोडून आपणहून कुठे जात नाही.

दुसरं मोठं, लालसर तपकिरी, 35 ते 40 मिलिमीटरचं. ढालीच्या कडेने पिवळट रंग असतो. हे अमेरिकन झुरळ. मूळचं आफ्रिकेतलं. उकाड्याच्या रात्री दिव्याभोवती भिरभिरणारं आणि सगळ्यांना पलंगावर चढवणारं ते हेच. ह्याचा मुक्काम गटारात, चेंबरमध्ये, सेप्टिक टाकीत. घरात येतं ते मोरीच्या जाळीतून नाहीतर पाइपाच्या कडेच्या भोकातून. पावसाळ्यात गटारं तुंबली की जास्त वर येतात.

तिसरं लहानच, पण पाठीवर फिकट आडवे पट्टे असलेलं. ह्याला ओल लागत नाही. टीव्हीच्या मागे, सेट टॉप बॉक्समध्ये, भिंतीवरच्या घड्याळामागे, कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात अशा कोरड्या, उबदार जागी ते राहतं. स्वयंपाकघर लख्ख आणि झुरळं मात्र हॉलमध्ये, असं असेल तर हे असण्याची शक्यता जास्त.

मधूनच एखादं पांढरंफटक झुरळ दिसतं. ती वेगळी जात नव्हे. नुकतीच कात टाकलेली असते, काही तासांत रंग परत येतो.

ओळख इतकी महत्त्वाची का? जर्मन झुरळाची मादी अंड्यांची डबी पोटाला चिकटवून हिंडते, जवळजवळ पिल्लं बाहेर पडेपर्यंत. एका डबीत 30 ते 40 अंडी, आणि पिल्लाचं मोठं झुरळ व्हायला उबदार स्वयंपाकघरात दोन-तीन महिने पुरतात. तिची सगळी वस्ती ओट्याच्या आसपास असते, म्हणून औषधही तिथेच, फटीत पोचायला हवं. अमेरिकन झुरळाची मादी गडद रंगाची, राजम्याच्या लहान दाण्यासारखी डबी कुठेतरी कोपऱ्यात चिकटवून मोकळी होते. त्यात चौदा-सोळा अंडी असतात. ह्या झुरळासाठी ओट्याखाली कितीही औषध घाला, गटाराची वाट उघडी असेपर्यंत नवीन पाहुणे येतच राहणार.

रात्रीची पाहणी

स्वयंपाकघर आवरून झाल्यावर दिवे बंद करा आणि दीड-दोन तास आत जाऊ नका. मग टॉर्च घेऊन जा. दिवा लावू नका, एकदम टॉर्च मारा आणि झुरळं कुठे पळतात तेवढंच बघा. मारायच्या मागे लागू नका. ती ज्या फटीत शिरतील ती फट कागदावर लिहून ठेवा. दिवसाढवळ्या लहान झुरळं फिरताना दिसत असतील तर लपायच्या जागा भरून गेल्यात, म्हणजे संख्या बरीच आहे असं धरा.

दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच जागा नीट बघा. काकांनी आमची सिंकच्या बाजूची खालची ट्रॉली चॅनलमधून उचलून बाहेर काढली. वरून रोज पुसली जाणारी, चकचकीत ट्रॉली. पण मागे, जिथे प्लायला सनमायका लावलेला नव्हता, तिथल्या कडेला चहाची बारीक भुकटी सांडल्यासारखे काळे ठिपके होते. चॅनलच्या स्क्रूभोवती तर त्यांचा थर होता. ती विष्ठा. तिच्या बाजूला पारदर्शक तपकिरी साली, म्हणजे कात. आणि दोन रिकाम्या अंड्यांच्या डब्या, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या, आडव्या रेघा असलेल्या. सगळ्याला एक उबट, तेलकट वास. हा वास एकदा ओळखीचा झाला की पुढे भाड्याचं घर बघायला गेलात तरी सिंकखालचं दार उघडताक्षणी कळतं.

हमखास बघायच्या जागा: शेगडीखाली आणि तिच्या मागच्या टाइलच्या सांध्यात, सिंकच्या खालच्या बाजूला, मिक्सरच्या तळाशी, दारांच्या बिजागऱ्यांत, फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घडीत. फ्रिजच्या मागे मोटरपाशी पाणी जमायचा एक ट्रे असतो. तो आम्ही पाच वर्षांत कधी बघितला नव्हता. ऊब आणि पाणी दोन्ही एकाच जागी, झुरळाला आणखी काय हवं!

आता मोजणी. बाजारात चिकट पुठ्ठ्याचे सापळे मिळतात, ते पाच-सहा आणा. नाहीतर जॅमच्या रिकाम्या बरणीत पावाचा तुकडा टाका, गळ्याला आतून व्हॅसलीनचा हात फिरवा आणि बाहेरून कागद गुंडाळा, म्हणजे झुरळाला चढता येईल पण आत पडल्यावर बाहेर येता येणार नाही. सापळे भिंतीला टेकवून ठेवा, मधोमध नको, कारण झुरळ कडेकडेने चालतं. तीन रात्रींनी प्रत्येक सापळ्यात किती झुरळं आहेत ते तारखेसह लिहा. आमच्याकडे सिंकखालच्या सापळ्यात सतरा आणि दाराजवळच्यात एकही नाही, असा आकडा आला. मी तोवर दाराच्या उंबऱ्यावर फवारत होते.

पाणी आधी, खरकटं मग

आपल्याकडे सगळा भर खरकट्यावर असतो. तो बरोबर आहे, पण पाणी जास्त महत्त्वाचं. जर्मन झुरळाची मादी नुसत्या पाण्यावर महिनाभराहून जास्त तग धरते, पाणी मिळालं नाही तर मात्र साधारण दोन आठवड्यांत संपते. म्हणून गळणारा नळ आणि सिंकखालचा ठिबकणारा सांधा सगळ्यात आधी दुरुस्त करून घ्या. रात्री ओटा आणि सिंक कोरड्या फडक्याने पुसा, आणि ते ओलं फडकं ओट्यावर टाकू नका, बाहेर वाळत घाला. फ्रिजचा ट्रे आठवड्याला रिकामा करा.

मग खरकटं. रात्रीची भांडी सकाळच्या कामवाल्या मावशींसाठी ठेवत असाल तर निदान विसळून, पाणी निथळून ठेवा. ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं आणि तो रात्री दाराबाहेर गेला पाहिजे. शेगडी उचलून खालचा तेलकट थर गरम पाण्याने आणि साबणाने काढा. ह्या थरावर झुरळं निवांत जगतात, आणि तो असेपर्यंत तुमच्या औषधाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

विष्ठेचे डाग मात्र झाडू नका. धूळ उडते, घरात दमेकरी असेल तर तेच नको असतं. साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसून घ्या. ह्या विष्ठेच्या वासाने इतर झुरळंही तिथेच गोळा होतात, तेव्हा पुसण्याचा दुहेरी फायदा.

रद्दी, जुन्या पिशव्यांची पिशवी, ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी हे सगळं ओट्याखालून काढा. खोक्याच्या पुठ्ठ्यातल्या नागमोडी पोकळ्या पिल्लांना लपायला आयत्या मिळतात.

फटी बुजवणं

मोठं झुरळ स्वतःला दाबून जेमतेम 3 मिलिमीटरच्या फटीतून जातं, असं 2016 साली अमेरिकेत बर्कली इथल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी ही फट. लहान झुरळाच्या पिल्लाला त्याहून कमी जागा पुरते.

सिंकचा पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथे बहुतेक घरांत मूठभर भोक तसंच सोडलेलं असतं. गॅसच्या पाइपाचंही तेच. व्हाइट सिमेंटने ती बुजवा, दोनशे रुपयांच्या आत काम होतं. ओटा आणि टाइलच्या सांध्याला सिलिकॉन लावा. पण घाई करू नका. वस्ती मोठी असेल तर आधी फटीत औषध जाऊ द्या, झुरळं कमी होऊ द्या, मग बुजवा. गटाराकडची भोकं मात्र पहिल्याच दिवशी बंद करा.

औषध: जेलचे ठिपके

लहान झुरळासाठी घरगुती वापरात मला जेलइतकं उपयोगी काही सापडलेलं नाही. सिरिंजमध्ये किंवा ट्यूबमध्ये मिळतं. पाकिटावर फिप्रोनिल 0.05 टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के असं लिहिलेलं असतं. जेल म्हणजे विष घातलेला खाऊ. झुरळ ते खातं, फटीत परत जातं आणि तिथे मरतं. बाकीची झुरळं त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीरही खातात, त्यामुळे बाहेर न आलेल्यांपर्यंतही औषध पोचतं. फवाऱ्याने समोर आहेत तेवढीच मरतात आणि उरलेली पळून आणखी आत शिरतात. अंड्यांच्या डबीला तर फवाऱ्याचा फारसा धक्काच लागत नाही.

लावायची पद्धत अशी. रात्रीच्या पाहणीचा कागद समोर घ्या. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या चॅनलपाशी, सिंकच्या तळाला कडेने, फ्रिजच्या मागे असे लावत जा. एका जागी मोठा गोळा लावण्यापेक्षा पाच जागी पाच बारीक ठिपके चांगले. तेलकट, ओल्या, धुळीच्या किंवा तापणाऱ्या जागी लावू नका. आपला हात आणि डबे जिथे लागतात तिथे तर नाहीच.

सगळ्यात महत्त्वाचं: जेल लावलं की फवारा बंद. फवाऱ्यातल्या औषधाने झुरळं बिचकतात आणि त्या जागचं जेल खात नाहीत. आधी फवारलेलं असेल तर ती जागा साबणाने पुसून, सुकवून मग जेल लावा.

दोन-तीन दिवसांत मेलेली झुरळं दिसायला लागतात, कधी दिवसाही लडखडत बाहेर येतात. घाबरू नका, औषध लागू पडतंय. चार दिवसांनी ठिपके बघा. जिथले संपलेत तिथे पुन्हा लावा, जे सुकून खडखडीत झालेत ते खरवडून नवे लावा. पुढचा हात दोन-तीन आठवड्यांनी, कारण तेव्हापर्यंत डब्यांतली पिल्लं बाहेर आलेली असतात. महिन्याभरात सापळ्यातला आकडा उतरला नाही, ठिपके तसेच पडून राहिले, तर दुसऱ्या औषधाचं जेल आणा. गोड आमिषाची औषधं वर्षानुवर्षं वापरली गेल्यामुळे काही ठिकाणच्या जर्मन झुरळांना ग्लुकोजचीच नावड तयार झाली, हे अमेरिकेत 1990 च्या दशकात लक्षात आलं.

बोरिक पावडर ही जुनी आणि खरी उपयोगी गोष्ट आहे. केमिस्टकडे मिळते. पुष्कळ घरांत आज्या-आत्या कणीक, साखर आणि बोरिक पावडर दुधात मळून गोळ्या करायच्या. गोळ्या चालतात, पण त्या खाऊसारख्या दिसतात. रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रा असलेल्या घरात मी त्या ठेवणार नाही. त्यापेक्षा ओट्याखालच्या पक्क्या कपाटाच्या मागे, जिथे कोणाचा हात जात नाही, तिथे कोरडी पावडर भुरभुरा. थर इतका पातळ हवा की दिसेल न दिसेल. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं. पावडर ओली झाली की उपयोग संपला.

मोठ्या झुरळासाठी प्लंबरचं काम

इथे औषधापेक्षा जाळी कामाची. बाथरूमच्या आणि मोरीच्या नहाणी ट्रॅपवर, म्हणजे फरशीतून सांडपाणी जातं त्या तोंडावर, कॉक्रोच जाळी बसवा, हार्डवेअरच्या दुकानात ह्याच नावाने मिळते. ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साचलेलं असायला हवं, ते गटाराची वाट अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनोन्‌महिने वापरात नसेल तर ते पाणी उडून जातं आणि झुरळांना दार उघडं मिळतं. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता. गावी जाताना बादलीभर ओतून जा. वॉशिंग मशीनचा पाइप जाळीत नुसता खोचलेला असेल तर त्याभोवतीची फट बुजवा.

उकळतं पाणी मोरीत ओतायचा सल्ला खूप जण देतात. पाइप पीव्हीसीचे असतील तर ते उकळत्या पाण्याने नरम पडतात, सांधे सुटतात. ते करू नका. समोर आलेल्या एकट्या-दुकट्या झुरळावर साबणाचं दाट पाणी मारा. त्याची श्वासाची छिद्रं बंद होतात आणि ते मरतं, घरात विषाचा वासही राहत नाही.

हे टाळा

विषारी खडू स्वस्त आहे, पण तो हुबेहूब पाटीवरच्या खडूसारखा दिसतो. लहान मूल असेल तर घरात आणूच नका. डांबरगोळ्या सिंकमध्ये टाकायची सवय घराघरांत आहे. उघड्या जागी त्यांनी झुरळं मरत नाहीत, आणि जन्मतः जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वाफेने फुटू शकतात. बाळंतिणीच्या खोलीत, बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नका. तमालपत्र, लवंग, काकडीच्या साली ह्यांनी फार तर झुरळ बाजूने जाईल. वस्ती हटणार नाही.

पेटत्या शेगडीपाशी डब्यातला फवारा कधीच मारू नये, भडका उडतो. आणि कुठलंही औषध घेताना पाकिटावरचा, टोकावर उभा असलेला चौकोन बघा. खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. रस्त्यावर बिनलेबलाच्या बाटलीत मिळणारं औषध कितीही जालीम म्हणून सांगितलं तरी घेऊ नका. पाकीट जपून ठेवा. चुकून मुलाच्या पोटात काही गेलं तर डॉक्टरकडे जाताना ते सोबत हवं, उलटी करवण्यात वेळ घालवू नका.

शेजारी आणि पेस्ट कंट्रोल

चाळीत सामाईक गटार असतं, इमारतीत एकाखाली एक स्वयंपाकघरं आणि मधून जाणारा डक्ट. एकट्या घरात फवारणी झाली की झुरळं वरच्या नाहीतर खालच्या घरी जातात आणि महिन्याने परततात. आम्ही शेवटी आमच्या रांगेतल्या वरच्या-खालच्या काकूंशी बोललो. झुरळं आहेत असं सांगायला सगळ्यांनाच संकोच वाटत होता, आणि होती सगळ्यांकडेच. एकाच आठवड्यात चार घरांत जेल लागलं, सोसायटीने डक्टचं आणि चेंबरचं काम करून घेतलं, तेव्हा कुठे फरक टिकला.

माणूस बोलवायचा तर आधी विचारा: जेल लावणार की फवारा, औषधाचं नाव काय, दुसरी फेरी किती दिवसांनी, आणि ती पैशात धरली आहे का. ट्रॉल्या बाहेर न काढता दहा मिनिटांत आटपणाऱ्याला पैसे देऊ नका. घरात दमेकरी, बाळ किंवा गरोदर बाई असेल तर ते पहिल्या फोनलाच सांगा.

आमच्या सिंकखालच्या सापळ्याचा आकडा सतरावरून पाचवर यायला तीन आठवडे लागले, आणि शून्य दिसायला तिसरा महिना उजाडला. मुलीचा रात्रीचा खोकलाही त्यानंतर उतरला. तिचं रोजचं औषध चालूच आहे, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नसतं. सापळा अजून दर महिन्याला तीन रात्री ठेवते. गेल्या दिवाळीआधी ओळखीतल्या एकांकडून जुना मायक्रोवेव्ह घेतला. घरात आणण्याआधी तो जिन्यातच उलटा केला, मागच्या जाळीवर टॉर्च मारला, तर चहाच्या भुकटीसारखे ठिपके. तो तिथूनच परत पाठवला.